प्लॅनिंग कमिटीसमोर तीन मिनिटं मिळाली आहेत, काय बोलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या एका गावाच्या कडेला तुमचं घर, मागे शेत. त्या शेतावर ८५ घरांचा आउटलाइन अर्ज, म्हणजे तपशील नंतर आणि आधी फक्त तत्त्व मंजूर करून घेणारा अर्ज, आला आहे. तीनशेच्या वर हरकती गेल्या, सह्यांचं निवेदन गेलं, तरी कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसरच्या अहवालात शिफारस आहे की मंजूर करा. पुढच्या आठवड्यात कमिटी, म्हणजे यावर मत देणारे निवडून आलेले कौन्सिलर, बसणार आहे, तुम्ही बोलायला नाव नोंदवलंय, आणि विचारताय की तीन मिनिटांत काय बोलू. शिवाय हेही, की एवढा विरोध असताना कमिटी हे मंजूर करूच कसं शकते.

मी आधी एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात होतो, म्हणजे असलेच अहवाल लिहायचो. आता सल्लागार म्हणून बहुतेक वेळा अर्जदाराच्या बाजूने बसतो. त्यामुळे विरोधकांच्या कुठल्या मुद्द्याने अर्जदाराची माणसं सावरून बसतात आणि कुठल्या मुद्द्यावर फोन चाळत राहतात, हे रोजच्या पाहण्यातलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो उलगडला की पहिल्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याने, म्हणजे अमलात १ जुलै १९४८ पासून, जमीन मालकाचीच राहिली, पण तिच्यावर बांधायचं तर परवानगी लागू झाली. ती परवानगी कशावर ठरवायची हेही कायद्यातच आहे. २००४ च्या कायद्याचं कलम ३८(६) म्हणतं की निर्णय लोकल प्लॅनला, म्हणजे कौन्सिलच्या मंजूर विकास आराखड्याला, धरून घ्यायचा. 'मटेरियल कन्सिडरेशन', म्हणजे जमिनीच्या वापराशी संबंध असलेली दखलपात्र कारणं, वेगळीकडे बोट दाखवत असतील तरच प्लॅन सोडायचा. हरकती किती आल्या याला त्यात जागाच नाही. तीनशे पत्रांत मिळून पाच मुद्दे असतील तर ऑफिसर पाच मुद्द्यांना उत्तर देतो. सह्यांचं निवेदन अहवालात एका ओळीत उरकलं जातं ते याचमुळे. त्यात कोणाचा आकस नसतो.

आपल्याकडून आलेल्या मंडळींचा आणखी एक गोंधळ होतो. महाराष्ट्रात एकेका इमारतीच्या परवानगीवर नगरसेवक हात वर करून मत देत नाहीत, ते काम प्रशासनाचं. तरी नगरसेवकाच्या कानावर घालून ठेवायची सवय आपल्याला असते. इथला कौन्सिलर खरोखरच मत देणार असतो, तेही सगळ्यांसमोर, आणि म्हणूनच त्याला आधी शब्द देता येत नाही. त्याचा कल असायला हरकत नाही. २०११ च्या लोकलिझम कायद्याच्या कलम २५ ने सांगितलंय की पूर्वी काही बोललाय एवढ्यावरून त्याने मन बंद केलंय असं धरायचं नाही. पण काहीही ऐकायच्या आत ठरवूनच आला असेल तर निर्णय कोर्टात अडचणीत येतो. तेव्हा कमिटीतल्या सगळ्या सदस्यांना ईमेल पाठवा, कोणी वेळ दिला तर भेटा, शेत दाखवा. "तुम्ही विरोधात मत देणार ना?" असं मात्र वदवून घेऊ नका. तो 'हो' म्हणाला आणि ते बाहेर आलं, तर त्या अर्जापुरतं त्याला मतदानातून बाहेर राहावं लागेल आणि तुमचंच एक मत कमी होईल. तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर कमिटीत नसेल तर उत्तमच, तो स्थानिक सदस्य म्हणून मोकळेपणाने तुमच्या बाजूने बोलू शकतो.

आता अहवाल उघडा आणि 'फाइव्ह इयर हाउसिंग लँड सप्लाय' हा भाग शोधा. गावाबाहेरच्या शेतावरच्या अर्जाचा जीव बहुतेक वेळा याच परिच्छेदात असतो. पुढच्या पाच वर्षांत लागणाऱ्या घरांइतक्या जागा कौन्सिलला दाखवता यायला हव्यात. त्या दाखवता आल्या नाहीत, तर राष्ट्रीय धोरणाच्या, म्हणजे एनपीपीएफच्या, परिच्छेद ११(ड) प्रमाणे तराजूच कलता होतो. मग प्लॅनमधली 'गावाच्या हद्दीबाहेर घरं नकोत' ही पॉलिसी हलकी पडते आणि परवानगी द्यायची असा कल धरला जातो. नकार द्यायचा तर तोटे फायद्यांपेक्षा 'सिग्निफिकंटली अँड डेमॉन्स्ट्रेबली' जास्त आहेत, म्हणजे ठळकपणे आणि दाखवून देता येईल इतके जास्त आहेत, असं म्हणता आलं पाहिजे. दुसरा मार्ग म्हणजे ग्रीन बेल्ट (शहराभोवतीचा मोकळा पट्टा), नॅशनल लँडस्केप (संरक्षित निसर्गसुंदर प्रदेश), लिस्टेड इमारती (वारसा म्हणून नोंदलेल्या), पूर अशा ठरावीक संरक्षक धोरणांपैकी एखादं नकाराला भक्कम कारण पुरवत असलं पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे धोरण बदललं, पाच वर्षांत पंधरा लाख घरांचं लक्ष्य समोर ठेवून. घरांची गरज मोजायची पद्धतही बदलली. सुरुवातच आता त्या भागात असलेल्या एकूण घरांच्या ०.८ टक्के या आकड्यापासून होते आणि घरं जितकी महाग तितका तो वर चढतो. कालपर्यंत पाच वर्षांचा साठा दाखवणाऱ्या कितीतरी कौन्सिलांचा हिशोब यामुळे तुटीत गेला. तुमच्या अहवालात साठा साडेतीन-चार वर्षांचा लिहिला असेल, तर 'लोकल प्लॅनमध्ये ही जागा घरांसाठी नाही' हे तुमचं आवडतं वाक्य खरं असूनही पुरेसं नाही.

इथे एक गोष्ट लगेच तपासा. तुमच्या गावाचा नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावाने स्वतः केलेला आराखडा, आहे का? तो अधिकृत प्लॅनचा भाग होऊन पाच वर्षांच्या आत असेल आणि त्याने गावाच्या वाट्याच्या घरांसाठी जागाही नेमून दिल्या असतील, तर परिच्छेद १४ मुळे कलता तराजू बऱ्यापैकी सरळ होतो. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या, क्लार्कला एक फोन पुरे. असा प्लॅन असूनही अहवालात त्याला नीट वजन दिलेलं नसेल, तर तीन मिनिटांतली पहिली दोन त्यावर घालवा.

कमिटीच्या मनात काय चाललेलं असतं तेही समजून घ्या. ऑफिसरची शिफारस डावलायचा तिला पूर्ण अधिकार आहे. पण नकार दिला की अर्जदार सहा महिन्यांच्या आत प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करू शकतो, आणि तिथे नकाराचं एकेक कारण कौन्सिलला पुराव्यानिशी उभं करावं लागतं. नाही जमलं तर अर्जदाराला परवानगी तर मिळतेच, शिवाय कौन्सिलला अवाजवी वागणुकीबद्दल समोरच्याचा खर्चही भरावा लागू शकतो. एका कौन्सिलमध्ये हे मी जवळून पाहिलंय. सभागृह खच्चून भरलेलं, टाळ्या पडतायत, कमिटीने 'वाहतूक' या कारणावर नकार दिला. रस्ते सांभाळणाऱ्या हायवे ऑथॉरिटीची हरकत नव्हती. अपिलाच्या वेळी कौन्सिलच्या बाजूने साक्ष द्यायला वाहतूक सल्लागार शोधताना नाकी नऊ आले; आकडे पाहून जो तो नाही म्हणाला. शेवटी ते कारण मागे घ्यावं लागलं, घरं मंजूर झाली आणि खर्चाचा आदेश बसला तो वेगळाच. कमिटीच्या प्रत्येक अनुभवी सदस्याने असं एखादं प्रकरण पाहिलेलं असतं. अध्यक्षांच्या शेजारी बसलेला कायदा अधिकारी मतदानाआधी त्याची सौम्य शब्दांत आठवणही करून देतो.

म्हणून तुमचं तीन मिनिटांतलं काम एकच आहे: ज्या सदस्याला नकार द्यावासा वाटतोय, त्याच्या हातात टिकेल असं कारण ठेवायचं. ठराव मांडताना त्याला जागच्या जागी बोलून दाखवता येईल अशा शब्दांत, पॉलिसीच्या क्रमांकासकट. "हे गावाचं स्वरूप बिघडवेल" असं म्हणाल तर तो मान डोलावेल. "शेताच्या पूर्वेच्या उंच भागावरची घरं लँडस्केपला हानी करतात, ही हानी अर्जदाराच्या स्वतःच्या अहवालातल्या अमुक दृश्यबिंदूवरून दिसते, आणि ते लोकल प्लॅनच्या अमुक पॉलिसीविरुद्ध आहे" असं म्हणाल तर तो ते लिहून घेईल. पॉलिसीचा क्रमांक शोधायला ऑफिसरचाच अहवाल वापरा, शेवटी सगळी यादी असते.

काय सोडायचं ते भराभर सांगतो. घराची किंमत उतरेल, खिडकीतून दिसणारं शेत जाईल, बिल्डर लोभी आहे, बांधकामाचा आवाज आणि धूळ, कुंपणाचा वाद, जमिनीच्या कागदात असलेली खासगी अट. यातलं काही खोटं नाही, पण प्लॅनिंगच्या निर्णयात यांना जवळपास वजन नाही, आणि यातलं पहिलं वाक्य उच्चारलंत की पुढची दोन मिनिटं लोक तुम्हाला त्याच चष्म्यातून ऐकतात. शेजारच्या खिडक्यांमधून घरात दिसेल हा मुद्दा एरवी चांगला, पण तुमच्या अर्जात आज उपयोगाचा नाही. आउटलाइन अर्जात बहुधा तत्त्व आणि प्रवेशरस्ता एवढंच ठरतं. घरांची मांडणी, आकार, रूप, झाडी हे 'रिझर्व्ड मॅटर्स' म्हणून नंतर येतं. जी खिडकी अजून कागदावरच नाही तिच्यावर हरकत कशी घेणार? उलट आउटलाइन एकदा मंजूर झालं की पुढच्या टप्प्यावर 'इथे घरंच नकोत' म्हणता येत नाही. लोक नेमके उलटे वागतात: आउटलाइनला गप्प, आणि नकाशात घरं दिसली की जागे.

शाळा आणि डॉक्टर हा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि सगळ्यात निसरडाही. शाळेत जागा नाही हे सिद्ध झालं तरी त्यातून सहसा नकार निघत नाही, पैशाची मागणी निघते. सेक्शन १०६ च्या करारात, म्हणजे परवानगीसोबत कौन्सिलशी होणाऱ्या करारात, अर्जदार वर्गखोल्यांसाठी रक्कम द्यायला कबूल होतो आणि मुद्दा मिटतो. ती रक्कम मागायलाही तीन कसोट्या आहेत: ती गरजेची हवी, त्या बांधकामाशी थेट जोडलेली हवी, आणि प्रमाणात हवी. त्यामुळे "शाळा भरली आहे" असं म्हणण्याऐवजी अहवालात शाळा सांभाळणाऱ्या काउंटी कौन्सिलने किती मागितलं आणि करारात किती आलं याची तुलना करा. तफावत असेल तर ते जरूर विचारा.

सांडपाण्याचंही तसंच. गटार जुनं आहे, तुंबतं, सगळं खरं; पण १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री कायद्याने नव्या घराला सार्वजनिक गटाराला जोडून घ्यायचा हक्क दिलाय. इथे मागायची असते ती 'ग्रॅम्पियन' प्रकारची कंडिशन: गटाराचं काम पुरं झाल्याशिवाय एकाही घरात राहायला जायचं नाही.

आता जे चालतं ते. प्रवेशरस्ता आज ठरतोय, म्हणून तिथे रेंगाळा. 'रहदारी वाढेल' हे नको. धोरण सांगतं की एकूण वाहतुकीवरचा परिणाम 'सीव्हिअर', म्हणजे गंभीर, असेल तरच त्या कारणाने नकार, आणि ८५ घरांत ते सिद्ध होणं अवघड. पण त्याच वाक्यात दुसरा दरवाजा आहे: रस्त्यावरच्या सुरक्षिततेला न स्वीकारण्याजोगा धोका. अर्जदाराच्या नकाशावर नव्या रस्त्याच्या तोंडाशी दृष्टिक्षेत्राचा त्रिकोण काढलेला असेल. ताशी ३० मैलांच्या रस्त्यासाठी साधारणपणे कडेपासून २.४ मीटर आत थांबून दोन्ही बाजूंना ४३ मीटर दिसायला हवं असं धरतात. पण ते पाटीवरच्या वेगावर नव्हे, प्रत्यक्ष वेगावर मोजायचं असतं, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात त्यावर. त्यांच्या वाहतूक अहवालात वेगाची मोजणी कुठे केली आहे ते बघा. वळणाजवळ, जिथे गाड्या आपोआप हळू होतात तिथे केली असेल तर ते सापडले म्हणून समजा. दुसरं, त्या त्रिकोणात येणारं कुंपणाचं झुडूप कोणाच्या मालकीचं आहे? तिसऱ्याच माणसाचं असेल आणि त्याने छाटू दिलं नाही तर तो त्रिकोण कागदावरच राहील. आणि नव्या घरांतून शाळेपर्यंत चालत जायला फुटपाथ सलग आहे का? हे तीन प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही, पण उत्तर द्यायला समोरच्याला लागतो.

पाण्याचा मुद्दा तुम्ही प्रश्नात एका वाक्यात टाकलाय, की शेताच्या खालच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात तळं साचतं. माझ्या मते तुमच्या सगळ्या कागदांत हेच सोनं आहे. पुराचा धोका कमी असलेली दुसरी जागा आहे का हे आधी तपासायचं, याला सिक्वेन्शियल टेस्ट म्हणतात, आणि त्यात नदीच्या पुराबरोबर पावसाचं साचणारं पाणीही मोजलं जातं. अर्जदार म्हणेल की त्या कोपऱ्यात घरं नाहीतच. तेवढं पुरत नाही. प्रवेशरस्ता किंवा भराव जरी त्या भागात येत असेल तरी टेस्टमधून आपोआप सुटका नाही. तुमचं तळं आणि त्यांच्या रस्त्याची रेघ एकमेकांवर ठेवून पाहा. तारखेसकट फोटो असतील तर आजच केस ऑफिसरला, म्हणजे तुमचा अर्ज हाताळणाऱ्या ऑफिसरला, ईमेल करा. सभेच्या रात्री कागद वाटू देत नाहीत, पण सभेआधी आलेल्या नव्या माहितीची पुरवणी निघते, तिच्यात ते आलं पाहिजे.

वन्यजीव सर्वेक्षणांच्या तारखाही एकदा बघून घ्या. मोठ्या जातीच्या न्यूटसाठी (पालीसारखा दिसणारा, संरक्षित उभयचर प्राणी) पाण्यातला डीएनए तपासायचा तर नमुने १५ एप्रिल ते ३० जून याच काळात घ्यायचे असतात. वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडताना मोजायची ती मे ते सप्टेंबरमध्ये. हिवाळ्यात उरकलेली पाहणी दिसली तर 'सर्वेक्षण अपुरं' हे कारण उभं राहू शकतं. मात्र अर्जदार पुढच्या उन्हाळ्यात पाहणी करून परत येईल, हेही धरून चाला.

भाषणाचं म्हणाल तर तीन मिनिटं म्हणजे इंग्रजीत साधारण चारशे शब्द, आणि बऱ्याच कौन्सिलांमध्ये वेळ संपली की वाक्य अर्धवट असलं तरी थांबवतात. दोन मुद्दे घ्या, रस्ता आणि पाणी. एका मुद्द्याला एक पुरावा, त्यांच्याच अहवालाच्या पान क्रमांकासह. शेवटची वीस सेकंदं नकाराच्या कारणाच्या शब्दांसाठी राखून ठेवा. लिहून वाचा, त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या टाळ्यांकडे लक्ष देऊ नका, आणि ऑफिसरवर पक्षपाताचा आरोप तर चुकूनही नको. कमिटी रोज त्याच माणसांबरोबर काम करते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: "मंजूर करणारच असाल तर निदान अमुक अटी घाला" असं बोलावं का? भाषणात नको. अजून मन न ठरलेल्या, कुंपणावर बसलेल्या सदस्याला तुम्ही स्वतःच उतरायला शिडी देता. पण वॉर्डाच्या कौन्सिलरला आणि केस ऑफिसरला अटींची यादी आधी वेगळी पाठवून ठेवा: तुमच्या बाजूला २० मीटरचा झाडीचा पट्टा, कडेच्या घरांची उंची दोन मजल्यांपर्यंत, बांधकामाच्या गाड्यांचा मार्ग, गटाराची ती कंडिशन. मंजुरीचा ठराव आला तर तोच कौन्सिलर या दुरुस्त्या सुचवेल. खरं सांगायचं तर अशा बहुतेक अर्जांत शेजाऱ्यांच्या पदरात जे पडतं ते याच यादीतून.

निर्णय पुढे ढकलला गेला तर फार हुरळू नका. मोठ्या अर्जाला, म्हणजे दहा किंवा अधिक घरांच्या, १३ आठवड्यांची मुदत असते. ती उलटून गेली आणि वाढीव वेळ ठरलेला नसेल तर अर्जदार 'निर्णयच दिला नाही' म्हणून सरळ अपिलात जाऊ शकतो आणि प्रकरण तुमच्या कमिटीच्या हातातून निसटतं. कमिटीकडे आलेला अर्ज हीच मुळात दुर्मीळ गोष्ट आहे. दहातले नऊहून अधिक अर्ज ऑफिसरच निकाली काढतात, आणि २०२५ च्या प्लॅनिंग अँड इन्फ्रास्ट्रक्चर कायद्याने कुठला अर्ज कमिटीकडे जायचा हे देशपातळीवर ठरवायची सोय केली आहे. सदस्यांना प्रशिक्षण सक्तीचं करायचीही तरतूद त्यात आहे.

मंजूर झालं तर शेजारी म्हणून तुम्हाला अपिलाचा हक्क नाही. अपील फक्त अर्जदाराला. तुमच्यासाठी उरतो तो हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, तोही निर्णय चुकला म्हणून नाही, कायदा मोडला म्हणून, आणि सहा आठवड्यांत. हे सहा आठवडे सभेच्या रात्रीपासून नव्हे, डिसिजन नोटीस, म्हणजे लेखी निर्णय, निघाल्यापासून मोजतात. सेक्शन १०६ वर सह्या होईपर्यंत ती निघत नाही, त्यामुळे मध्ये काही महिनेही जाऊ शकतात. वेबसाइटवर लक्ष ठेवा आणि वकिलाकडे जायच्या आधी खर्चाचा आकडा विचारा, तो ऐकूनच बरेच जण परत फिरतात.

नकार झाला तर काम संपत नाही. अपील आलं की तुमची जुनी पत्रं इन्स्पेक्टरकडे आपोआप जातात, आणि सुनावणी किंवा चौकशी लागली तर नवीन म्हणणंही मांडता येतं. सार्वजनिक चौकशी लागली तर पॅरिश कौन्सिल किंवा रहिवाशांचा गट 'रूल ६' पक्ष म्हणून उतरू शकतो, म्हणजे स्वतःचे साक्षीदार आणता येतात आणि अर्जदाराच्या तज्ज्ञाची उलटतपासणीही घेता येते. त्याला पैसे लागतात. पॅरिश कौन्सिलचं बजेट कधी ठरतं ते आत्ताच विचारून ठेवा, आणि या हिवाळ्यात पाऊस झाला की त्या कोपऱ्याचे फोटो काढत राहा, फोटोत रस्त्याची पाटी येईल अशा बेताने.